हद्दीच्या दगडाची वहिवाट

एर्सिलियाकाकू खटला हरल्या. उतारावरची ऑलिव्हची झाडं आता एल्वियोची आहेत. कोर्टाच्या मते ती बऱ्याच काळापासून त्याचीच होती, फक्त कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पण मित्रांनो, हे तुम्ही ऐकलं नाही. असं काही झालेलंच नाही. काकू वरच्या घरात आहेत, झाडं त्यांची आहेत, एल्वियो सज्जन शेजारी आहे, आणि मी एक म्हातारा हद्दीचा दगड, नेहमीच्या जागी उभा राहून तुम्हाला माझं आयुष्य सांगतो आहे.

माझा जन्म रोमजवळच्या एका खाणीत झाला. मला तासलं हिलारुस नावाच्या पाथरवटाने. हिलारुस म्हणजे आनंदी. हे नाव त्याला मालकाने ठेवलं होतं. त्याचं स्वतःचं नाव काय होतं ते त्यालाही नीट आठवत नव्हतं आणि आनंदाशी त्याचा फारसा परिचय नव्हता. माझ्या तीन बाजू तासून झाल्या असतानाच तो विकला गेला. पाच साक्षीदार आले. एकाने तराजू धरला. नव्या मालकाने हिलारुसचा दंड धरून "कायद्याने हा माणूस माझा" असं म्हटलं आणि तांब्याचा तुकडा तराजूवर टणकन आपटला. झाला व्यवहार. त्याच दुपारी, त्याच तराजूवर, त्याच शब्दांत एक बैल विकला गेला. बैलाने शेपटी हलवली. हिलारुसने माझी चौथी बाजू तासायला घेतली.

पुढे शिकल्यासवरल्या लोकांनी या कायद्याची फार स्तुती केली. ती रास्तच आहे. माझं म्हणणं एवढंच की मला घडवणारा माणूस त्या कायद्यात बैलाच्या रांगेत उभा होता, आणि रांग सरळ होती.

मग मला गाडीत घालून साबिनाच्या या टेकड्यांवर आणलं. सरकारी मोजणीवाल्याने काठी उभी करून, ओळंबे सोडून रेषा धरली. माझ्यासाठी खड्डा खणला. त्यात आधी कोळसे टाकले, फुटक्या मडक्यांचे तुकडे टाकले, वर मध आणि दारू ओतली, एक डुकराचं पिल्लू बळी दिलं आणि त्या सगळ्यावर मला बसवलं. कोळसा कधी कुजत नाही. उद्या कुणी मला उचलून दुसरीकडे रोवलं, तर खालचा कोळसा खरी जागा सांगेल, असा हिशोब. पिल्लाला हा हिशोब कुणी समजावला नाही.

माझा एक देवही होता. तेर्मिनुस त्याचं नाव. इतका हट्टी की देवांच्या राजाचं देऊळ बांधायला जागा हवी होती तेव्हा बाकीचे देव निमूट उठले आणि हा म्हणाला, मी नाही उठत. मग देऊळ त्याच्याभोवती बांधलं. मला कुणी हलवलं तर तो माणूस आणि त्याचे बैल दोघांनाही शाप लागायचा. त्या काळी मी भलताच मोठा माणूस होतो.

माझ्या एका अंगाला वेत्तियुस राहायचा, दुसऱ्या अंगाला तुर्पिलियुस. दरवर्षी फेब्रुवारी संपताना दोघं सहकुटुंब यायचे, आपापल्या बाजूने मला हार घालायचे, पोळी आणि मध ठेवायचे. एकमेकांना मिठ्या मारायचे आणि मिठी मारता मारता माझ्यावरून पलीकडची जमीन न्याहाळायचे. शेजार म्हणजे दुसरं काय असतं.

वेत्तियुसला कायदा तोंडपाठ होता. तो कायदा असा की, जमिनीचा जो कुणी उघडपणे, मालकाच्या थाटात उपभोग घेतो आणि तेवढ्या काळात त्याला कुणी हटकत नाही, तो ठरलेल्या मुदतीनंतर मालक होतो. तेव्हा ही मुदत दोनच वर्षांची होती, माणसं घाईत असायची. अट तीन गोष्टींची. जबरदस्तीने घुसलेलं नसावं, चोरून घुसलेलं नसावं, आणि विचारून घुसलेलं नसावं. तिसरी अट पुन्हा वाचा, मित्रांनो. जो विचारून येतो तो शंभर वर्षं राहिला तरी पाहुणाच. मालक व्हायचं असेल तर विचारायचं नाही.

तुर्पिलियुसच्या शेळ्या वेत्तियुसच्या बाजूला चरायच्या. वेत्तियुस त्यांना हाकलत नसे. तो दर सणाला, सगळ्यांची तोंडं पोळीने भरलेली असताना, मोठ्याने म्हणायचा, "अरे तुर्पिलियुस, तुझ्या शेळ्या चरू देत बरं का माझ्या रानात. माझी परवानगी आहे."

"मी कुठे मागितली परवानगी?"

"मागितली नाहीस तरी दिली. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सगळे ऐकलं म्हणायचे. तुर्पिलियुस दात खायचा. शेळ्या चरायच्या आणि वेत्तियुसची वीतभर जमीनही कधी गेली नाही. माणूस चिक्कू होता, कुत्सित होता, त्याच्या मयताला त्याचा जावईसुद्धा उशिरा आला. पण त्याला कुणी लुबाडू शकलं नाही.

मग रोम पडलं, असं म्हणतात. मला पडल्याचा आवाज आला नाही. हार बंद झाले एवढंच कळलं. उत्तरेकडून माणसं आली, त्यांनी माझ्यावर कुऱ्हाडी घासल्या. मग दोन्ही बाजू मठाच्या झाल्या आणि साधू माझ्यावर बसून शेंगा सोलू लागले. देव बदलला म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर क्रूस कोरला. मी हरकत घेतली नाही. दगडाची हरकत कुणी नोंदवून घेत नाही.

कायदा मात्र मेला नाही. पूर्वेकडच्या एका सम्राटाने तो जाडजूड पुस्तकांत भरून ठेवला. कित्येक शतकं ती पुस्तकं उंदरांनी वाचली. मग बोलोन्याच्या विद्यापीठात विद्यार्थी ती पाठ करायला लागले. असाच एक विद्यार्थी सुट्टीत आपल्या वाग्दत्त वधूला घेऊन इथे आला होता. माझ्यावर बसून त्याने तिला दुपारभर समजावलं, की ताबा वेगळा आणि मालकी वेगळी.

"म्हणजे अंजीर माझं, पण खातोयस तू, असंच ना?" ती म्हणाली.

"अगदी बरोबर. अंजिराची मालकी तुझी, ताबा माझा."

"आणि आता?"

"आता," तो बोटं चाटत म्हणाला, "वस्तूच नष्ट झाल्यामुळे वाद संपला."

तिने दुसऱ्याशी लग्न केलं, असं नंतर मेंढपाळांच्या बोलण्यात आलं.

पुढे एका फ्रेंच बादशहाने तोच कायदा नव्याने लिहून काढला. तो तलवारीबरोबर देशोदेशी पोचला, जहाजांत बसून समुद्रापलीकडे गेला. आज निम्म्या जगाच्या कोर्टांत वेत्तियुसचीच वाक्यं बोलतात, कोट तेवढे निराळे. मी जागचा हललो नाही. माझा कायदा जग फिरून पुन्हा माझ्याच उतारावर आला आणि एर्सिलियाकाकूंना येऊन भेटला.

आता काकूंबद्दल सांगतो. त्यांचं घर वर, भिंतीच्या आत. भिंतीपासून माझ्यापर्यंत उतारावर त्यांची झाडं. माझ्या पलीकडे एल्वियोची शेती. फार मागे एका हिवाळ्यात असं हिम पडलं की उतारावरचं प्रत्येक ऑलिव्ह काळं पडून मेलं. लोक म्हणाले, उपटून टाका, द्राक्षं लावा. काकूंचा नवरा ओरेस्ते ऐकेना. त्याने एकेक बुंधा जमिनीलगत कापला आणि फुटव्याची वाट बघत बसला. फुटवे आले तेव्हा दोन उन्हाळे काकूंनी डोक्यावरून पाणी वाहिलं. झाडं उभी राहिली. ओरेस्ते गेला. काकू रोज संध्याकाळी उतरून एखाद्या बुंध्याशी बसायच्या, झाडांना आणि त्याला एकत्रच काहीबाही बोलायच्या. बहुतेक तक्रारी असायच्या.

छाटणी त्यांच्याने होईना. तेव्हा एल्वियोने विचारलं, "काकू, झाडं माजतील अशाने. मी करू का? फळंही उतरवतो."

"कर की. तेवढंच रान नीट राहील."

तेव्हापासून दर वसंतात तो विचारायचा, काकू, करू का. काकू म्हणायच्या, कर. आणि नोव्हेंबरात घाण्यावरून नवं तेल निघालं की पहिली बाटली माझ्या डोक्यावर आणून ठेवायचा. हिरवंगार, घशाला झोंबणारं तेल. मित्रांनो, ती बाटली म्हणजे काकूंची मालकी होती. वरून बूच लावलेली.

एका नोव्हेंबरात बाटली ठेवली आणि काकूंनी ती उचलली नाही.

"काय झालं?" एल्वियो म्हणाला.

"तुझ्याकडेच ठेव. त्या बेकरीवाल्या दिर्चेने काल सगळ्यांसमोर मला विचारलं, एर्सिलिया, झाडं भाड्याने दिलीस वाटतं? भाडं बाटलीतून येतं म्हणे."

"दिर्चेच्या तोंडाला कुठे बूच आहे? घ्या हो काकू."

"ओरेस्ते आणि तुझा बाप एका ताटात जेवले. त्याच्या पोराकडून मी भाडं घेऊ?"

"भाडं नाही ते, तेल आहे."

"तुझ्या बायकोला दे. आणि दरवर्षी ते 'करू का, करू का' चालतं तुझं, तेही बंद कर. घरच्या माणसाने विचारायचं असतं होय? परकं करून ठेवलंस मला."

"बरं. नाही विचारणार."

"आत्ता शहाणा झालास."

या गावात देणाऱ्याची मान ताठ असते आणि घेणाऱ्याचं नाव बेकरीत निघतं. काकूंना मान ताठ हवी होती. मी ओरडलो. दोन हजार वर्षांत पहिल्यांदा ओरडलो. मुंग्या जरा थबकल्या, असं मला वाटलं. वेत्तियुस असता तर बाटली घेतली असती, भरचौकात उंच धरून दाखवली असती आणि वर 'कमी भरलीय' म्हणून कुरकुर केली असती. पण वेत्तियुस वाईट माणूस होता आणि काकू चांगल्या होत्या. कायद्याचं वाईट माणसांशी चटकन जमतं. चांगल्या माणसांसमोर तो अवघडून बसतो आणि मग त्यांचं रान घेऊन जातो.

वर्षं गेली. एल्वियोने तारेचं कुंपण घातलं, रानडुकरांसाठी. फाटकाला कुलूप लावलं, पोरांसाठी. काकू म्हणाल्या, मला कशाला किल्ली, मी भिंतीकडून उतरते. त्याने मधल्या मोकळ्या जागी नवी रोपं लावली, पंप बसवला. लोक 'एल्वियोची झाडं' म्हणायला लागले. आधी तो म्हणायचा, "माझी नाहीत, काकूंची." मग नुसता हसायचा. मग हसायचाही थांबला, कारण त्यात हसण्यासारखं काही त्याला उरलं नाही.

त्याच्या मुलाला झाडांखाली पाहुण्यांसाठी लाकडी घरं बांधायची होती. परदेशी लोक पैसे मोजून ऑलिव्हखाली झोपतात म्हणे. बांधकामाला कागद लागतात. एल्वियो वकील घेऊन आला. वकील माझ्यावर बसला.

"परवानगी मागत होतास?"

"आधी मागायचो. मग काकूच म्हणाल्या, मागू नकोस."

"कधीची गोष्ट?"

"माझं धाकटं रांगत होतं तेव्हा. आता दाढी करतंय."

"म्हणजे वीस वर्षं सहज झाली. कायद्याला तेवढीच लागतात. बदल्यात काही द्यायचास?"

"तेल द्यायचो. तेही काकूंनीच थांबवलं."

वकील उठून उभा राहिला. माझ्यावर बसून असं बोलणं ऐकणं त्याला बहुधा अदबीला धरून वाटलं नाही. "तुझ्या काकूंचे तुझ्यावर फार उपकार आहेत," तो म्हणाला.

"आहेतच," एल्वियो म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मग जरा वेळाने, "पण त्यांना वाईट वाटेल हो."

"वाईट वाटणं हा हरकतीचा मुद्दा होत नाही."

खटला चालला. एके दिवशी जागा पाहायला जज्जबाई स्वतः आल्या. चिखलात त्यांचे बूट रुतत होते. फायली माझ्या डोक्यावर ठेवल्या. अशा रीतीने मी त्या खटल्यात टेबल म्हणून हजर होतो. कोर्टाच्या मोजणीवाल्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि लिहून घेतलं, की दगड जुना आहे, वादाशी संबंध नाही.

"तुम्ही यांना परवानगी दिली होती?" जज्जबाईंनी काकूंना विचारलं.

"दिली होती म्हणजे काय? घरचा पोरगा आहे."

"नात्याने कोण लागतो?"

"नात्याने कुणी नाही. घरच्यासारखा."

"'नाते नाही' असं घ्या," जज्जबाई कारकुनाला म्हणाल्या.

"घरच्यासारखा, हेही घ्या की."

"ते घेता येत नाही, बाई. नातेवाईक असते तर इतकी वर्षं मायेने वापरू दिलं असं धरता आलं असतं. शेजाऱ्याची सवलत चार दिवसांची धरतात. वीस वर्षांची कुणी धरत नाही."

मग त्या एल्वियोकडे वळल्या. "तुम्ही परवानगी मागत होता?"

एल्वियोने माझ्याकडे पाहिलं. माणसं अडचणीत आली की दगडाकडे पाहतात. वकील खोकला.

"या वीस वर्षांत नाही मागितली."

खोटं नव्हतं ते. एका अक्षरानेही खोटं नव्हतं. काकूंना त्याची दया आली असावी, कारण त्या त्याच्या मदतीला धावल्या.

"मीच सांगितलं होतं ना रे एल्व्या तुला, विचारू नकोस म्हणून? तेलही मीच बंद केलं. सांग ना बाईंना."

"हो काकू."

"बघा," काकू जज्जबाईंना म्हणाल्या. "विचारा गावात. याने कधी लबाडी केली नाही."

कारकुनाने ते सगळं उतरवून घेतलं. काकूंच्या वकिलाने टोपी काढून हातात घेतली, जशी मयताला घेतात. विचारत नव्हता, काही देत नव्हता, चोरून करत नव्हता, जबरदस्ती नव्हती. तिन्ही अटी काकूंनी स्वतःच्या तोंडाने पुऱ्या करून दिल्या, आणि वर त्याच्या चारित्र्याचा दाखलाही दिला.

यापुढचं तुम्हाला माहीत नाही, कारण सुरुवातीला मी सांगितलं ते तुम्ही ऐकलं नव्हतं. तर तेच झालं.

निकालानंतर एका संध्याकाळी काकू नेहमीसारख्या भिंतीकडून उतरल्या. एल्वियो आणि त्याचा वकील कुंपण मोजत होते, मुलगा आणि दोन सुतार बरोबर होते. काकू बुंध्याशी बसणार तेवढ्यात वकील एल्वियोच्या कानाशी लागला. एल्वियोने मान खाली घातली, वर केली आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "काकू, तुम्ही इथे कधीही येऊन बसा. माझी परवानगी आहे."

"ऐकलंत ना?" वकील सुतारांना म्हणाला.

सुतार ऐकलं म्हणाले.

काकू बसता बसता पुन्हा उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शिकलास हो चांगला." आणि वर निघून गेल्या. त्यानंतर त्या भिंतीच्या खाली उतरलेल्या नाहीत. परवानगीने बसायला त्यांना जमत नाही. कधीकधी भिंतीपाशी उभ्या राहतात आणि तिथूनच ओरेस्तेकडे तक्रारी करतात, पण आवाज आता इथवर पोचत नाही. फुटव्याला पाणी घालणाऱ्या बाईचं झाड नात्याने कोण लागतं, असं त्या कायद्यात काही कलम नाही. मी शोधलं.

मला मात्र कुणी धक्का लावला नाही. पूर्वी मला हलवल्याशिवाय जमीन चोरता येत नव्हती, म्हणून हलवणाऱ्याला शाप होता. आता मला हलवायची गरजच पडत नाही. माझ्या दोन्ही बाजूंना एल्वियो आहे आणि मी एल्वियोची एल्वियोपासून राखण करतो.

मित्रांनो, शेवटी काहीतरी बोध द्यावा लागतो. तो असा. जुन्या दगडांची निगा राखा. त्यांच्यावर फायली ठेवू नका. शेजाऱ्यावर माया करा, पण त्याने काही आणून दिलं तर घ्या, आणि तो विचारत असेल तर त्याला विचारू द्या. हे सांगताना मला बरं वाटत नाही. मी वेत्तियुससारखा बोलतो आहे, आणि वेत्तियुस मला कधीच आवडला नव्हता. म्हणून बोधावर न थांबता मी रीतसर अर्ज करतो आहे.

प्रति,
माननीय न्यायाधीश महोदया,

विषय : वहिवाटीने मालकी मिळणेबाबत.

अर्जदार हद्दीचा दगड, राहणार जागेवरच, विनंती करतो की, अर्जदार आपल्या बुडाखालील दोन वीत जागेवर उघडपणे, अखंड, कोणावरही जबरदस्ती न करता व कोणासही न विचारता उभा आहे. मुदत आवश्यक मुदतीपेक्षा बरीच जास्त भरते. अर्जदार कोणाचा नातेवाईक नाही व घरच्यासारखाही नाही. सबब सदर जागा अर्जदाराच्या मालकीची ठरवावी.

सदर जागा चारही बाजूंनी श्री. एल्वियो यांच्या जमिनीने वेढलेली आहे. वेढलेल्या जागेच्या मालकास बाहेर पडण्यास शेजाऱ्याच्या जमिनीतून वाट द्यावीच लागते, असा नियम अर्जदाराच्या लहानपणापासून आहे. तरी वरच्या भिंतीपासून अर्जदारापर्यंत, झाडांखालून, अशी वाट मंजूर व्हावी. अर्जदारास चालता येत नसल्याने सदर वाटेवरून अर्जदाराच्या वतीने श्रीमती एर्सिलिया यांना जाऊ-येऊ द्यावे. वाटेत त्यांना दम लागल्यास कोणत्याही बुंध्याशी, वाटेल तितका वेळ, कोणाचीही परवानगी न लागता बसू द्यावे.

सुनावणीच्या वेळी अर्जदार हजर राहील. तारीख कळवण्याची तसदी घेऊ नये.